दुसऱ्या भागाचा शेवट

प्रिय खारूताई,

फोनवर तू म्हणालीस, आत्या, माझी परीक्षा आहे, सिनेमाचा दुसरा भाग तू एकटीच बघून ये आणि काय चांगलं, काय वाईट ते सविस्तर लिही. म्हणून लिहिते आहे. शनिवारी दुपारच्या खेळाला गेले. खिडकीवर सवयीने दोन तिकिटं म्हणाले, मग एक म्हणाले.

आधी वाईट. सोळा वर्षांच्या पोरांना जमिनीखाली पाणी उपसायला जुंपणारं ते शहर पहिल्या भागात खरं वाटलं होतं, कारण कुणी ते समजावत बसलं नव्हतं. या वेळी अर्धा तास सगळे एकमेकांना नियमच सांगतात. मध्यंतरानंतर नायिका ज्या माणूसभर उंच नळातून पळते त्याचा उतार चक्क उलटा आहे, पाणी चढावर धावतं. शेजारी असतीस तर कोपर मारून म्हणाली असतीस, नळ नको बघूस गं, सिनेमा बघ. पण वीस वर्षं पाणीखात्यात नळांचे नकाशे काढणाऱ्या बाईने दुसरं काय बघायचं?

चांगलंही पुष्कळ आहे. नायिकेला पुढारी व्हायचंच नाही. लोक तिच्या नावाने घोषणा देतात आणि ती बुटातला खडा काढत बसते. ती घरी परतते तो प्रसंग तर फारच चांगला. तिच्या खाटेवर दुसरंच कुणी झोपलेलं असतं. ती दारातूनच बघते आणि आवाज न करता निघून जाते.

पहिल्या भागात तिला लपवून वाढवणारी स्वयंपाकीणबाई इथे जेमतेम एकदा दिसते. घरी येऊन डायरीत चांगलं-वाईट मांडताना मी ते वाईटाच्या बाजूला लिहिलं. मग वाटलं, पळणाऱ्या पोरीने मागे वळून कशाला बघायचं? खोडून चांगल्याच्या बाजूला लिहिलं. आता तिथेही खोडलंय.

पहिला भाग पाहून आपण घरापर्यंत चालत आलो होतो. बसथांब्यावर तू खलनायकाची नक्कल केलीस, आणि दुसरा भाग एकत्रच बघायचा असं माझ्याकडून वदवून घेतलंस. तेव्हा तू तेरा वर्षांची होतीस.

शेवटाबद्दल मी काहीच लिहिलेलं नाही. तो मी पाहिलाच नाही. नळाच्या प्रसंगात तुझं हसू ऐकू आलं. तीन रांगा पुढे, मैत्रिणींच्या मधोमध बसून तू पडद्याकडे बोट दाखवत त्यांना सांगत होतीस, अगं, उतार उलटा आहे! दिवे लागायच्या आत मी बाहेर पडले. तुला अवघडायला नको म्हणून, असं डायरीत लिहिलं, पण खरं तर तोंड मलाच लपवायचं होतं. रागावले नाही असंही लिहिलं होतं, तेही खरं नाही. थोडी रागावले. पण परीक्षेनंतर तू येशील, मी सिनेमा सांगेन आणि तू पहिल्यांदाच ऐकल्यासारखी मान डोलावशील, ते मला सोसायचं नाही. मैत्रिणींबरोबर जातेय, असं सरळ सांगितलंस तरी चालेल. ये मात्र. आणि शेवटी काय झालं, ते मला तू सांग.

तुझीच,
नळवाली आत्या