खाली ठेवलेला प्याला

मी, दाखिल मुहैसिन, वय वर्षे ७१, धंदा कॉफी वाढणे, राहणार अमारा, नदीकाठची गल्ली, लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे, गुडघे नाहीत. हे कोणाच्या धाकाने लिहीत नाही. धाक घालणारे गेले.

१. पितळी कॉफीदाण्या चार व खलबत्ता भाऊ लफ्ता यास. त्याने माझी होडी न विचारता नेली आणि फोडून आणली, तरीही. दाण्या बायकोला घासायला लावू नयेत, स्वतः घासाव्यात.

२. शरियतप्रमाणे मिळकतीचा तिसरा हिस्सा मला हव्या त्याला देता येतो. तो, म्हणजे नदीकडच्या दोन खोल्या, माझा मयत मुलगा रिसन याची विधवा नजिहा हिला. रिसन लढाईच्या दुसऱ्याच महिन्यात गेला. बाकीचं वारसांचं.

३. खोल्या घेण्याआधी नजिहाने पुढचं ऐकावं. ऐकून ती मला घरातलं माणूस मानेल की नाही, एवढी एकच भीती मला उरली आहे.

बावीस वर्षं मी देश चालवणाऱ्या मोठ्या साहेबांच्या बैठकीत कॉफी वाढली. आमच्यात पाहुण्याने प्याला न पिता खाली ठेवला, की त्याचं काही मागणं आहे. यजमान "पी, तुझं काम झालं" म्हणेपर्यंत त्या प्याल्याला कोणी हात लावत नाही. वाढणाऱ्याने तर नाहीच नाही. शेजारच्या देशाचा म्हातारा राजदूत तहासाठी आला आणि त्याने प्याला खाली ठेवला. साहेबांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी प्याला उचलला. प्याला नाही म्हणजे मागणं नाही. म्हातारा निघून गेला.

मंत्री म्हणाला, "साहेब, लोकांना लढाईचं कारण काय सांगायचं?"

"नदी सांग. जुना नकाशा सांग. पगार कशाचा घेतोस?" मग साहेब हसले. "या म्हाताऱ्याचं ऐकलं असतं ना, तर उद्या आपलेच लोक माझ्यापुढे प्याले ठेवून बसले असते. हल्ली बाजारातून माझी गाडी जाते, तर माना खाली जात नाहीत. पोरं एकदा सरहद्दीवर गेली की जातील बघ."

माना गेल्या खाली. माझीही गेली. रिसनची पेटी आली त्या दिवशीसुद्धा मी कामावर गेलो, वेलदोडे कुटले. रडू आलं नाही. अजून आलेलं नाही.

नजिहा विचारायची, "मामंजी, तुम्ही तिथेच होतात ना? कशासाठी हो ही लढाई?"

मी म्हणायचो, "नदीसाठी, पोरी."

४. साक्षीला दोन पुरुष, नाहीतर एक पुरुष आणि दोन बायका लागतात. लफ्ता नेहमीप्रमाणे आला नाही. वकील फाखिर नईम व शेजारीण उम्म शाकिर हजर. वकिलांनी वरचं सगळं मोठ्याने वाचून दाखवलं, तेव्हा नजिहा चहा घेऊन दारात उभी होती. तिने ट्रे खाली ठेवला.

"वकीलसाहेब, ज्याला काही मिळतं त्याची साक्ष चालते का?"

"नाही चालत, बाई."

"मग माझ्या खोल्या खोडा."

मी म्हणालो, "पोरी, जाशील कुठे?"

"ते मी बघेन. दुसरी बाई हवी ना तुम्हाला? द्या ते पेन."

वकिलांनी कलम २ मधलं तिचं नाव खोडलं. मी अडवलं नाही.

मुक्काम अमारा, शाबान महिन्याची नववी, सोमवार.

सही: दाखिल मुहैसिन

साक्षीदार:
फाखिर नईम, वकील
उम्म शाकिर (अंगठा)
नजिहा, रिसनची बायको. मी स्वतः ऐकलं.