दुसरी गोळी

प्रिय ठकीच्या आजीस,

तू लेकीकडे गेल्यापासून फोनवर 'हो', 'नाही' आणि 'ठेवते' यापलीकडे बोलत नाहीस, म्हणून लिहायला बसलो. अक्षर वाकडंतिकडं आहे, लेकीकडून वाचून घे. नको, तूच वाच. मजकूर जरा अवघड जागेचा आहे.

आधी सांगतो, सगळे ठीक आहेत. ठकी झोपेत दात खायची, खाजवायची, दिवसभर किरकिर करायची, ते तुला ठाऊकच आहे. तुझ्याच कुशीत झोपायची ती. सकाळी चादरीवर बारीक पांढरे दोरे दिसायचे आणि ते झटकताना तू मलाच बोलायचीस, की शिंप्याशी लग्न केलं की अंथरुणातसुद्धा दोऱ्यांपासून सुटका नाही. मीही मुकाट ऐकून घ्यायचो. परवा सूनबाई ठकीला उठवायला गेली, तर त्यातला एक दोरा वळवळला! तिच्या किंकाळीने माझं हातातलं माप चुकलं, एका गिऱ्हाइकाची बाही तोकडी झाली.

जंत होते गं ते. इतके दिवस आपण दोरे म्हणून झटकत होतो.

मी तर हाय खाल्ली. जंत डोक्यात चढतात, आतडी पोखरतात, असलं जन्मभर ऐकलेलं सगळं आठवलं. दवाखान्यात इतके प्रश्न विचारले, की डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आजोबा, पेशंट ही आहे की तुम्ही? त्यांनी समजावलं, की हे सुतासारखे जंत पोरांना सर्रास होतात, डोक्यात वगैरे जात नाहीत. मादी रात्री बाहेर येऊन शौचाच्या जागेपाशी अंडी घालते. पोर खाजवतं, अंडी नखांत जातात, नखांतून तोंडात, चादरीत, शेजारी झोपलेल्याच्या हाताला. म्हणून घरातल्या सगळ्यांनीच गोळी घ्यायची. तिने जंत मरतात, पण अंडी उरतात, म्हणून दोन आठवड्यांनी दुसरी. शिवाय नखं बारीक कापायची, सकाळी उठल्यावर अंघोळ, चादरी-चड्ड्या गरम पाण्यात. आता मी येताजाता सगळ्यांची नखं तपासतो. ठकी मला 'नखवाले आजोबा' म्हणते. मला स्वतःला काही झालेलं नाही, पण ऐकल्यापासून मशीनवर धड बसवत नाही. काल एक गिऱ्हाईक म्हणालं, काका, स्टुलाला खिळा वर आलाय का?

तू उशीखालून ठकीला चॉकलेटं देतेस, त्याचंही मी मुद्दाम विचारलं. सूनबाई शेजारीच बसली होती. ठकी दात खाते म्हणून, गोड चारून चारून पोरीच्या पोटात जंत केलेत, असं ती तुला म्हणाली आणि तू बॅग भरलीस, ते माझ्या डोक्यातून जात नव्हतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चॉकलेटाने दात किडतात, जंत होत नाहीत. सूनबाईने मान खाली घातली. मग त्यांनी विचारलं, घरात माणसं किती? मी चार म्हणणार, तेवढ्यात तीच म्हणाली, पाच. सासूबाई बाहेरगावी गेल्यात, येतील.

घरी आल्यावर सूनबाईने तुझं पांघरूण धुतलं, उन्हात वाळवलं आणि तुझ्या जागेवर घडी करून ठेवलं. ठकीला त्याला हात लावू देत नाही. आधी नखं दाखव, म्हणते.

या पाकिटात तुझी गोळी आहे. चावून खा, नुसती गिळू नकोस. तुझ्या रक्तदाबाच्या औषधांबरोबर चालते, ते मी दोनदा विचारलंय. लेकीकडच्यांनी मात्र तिथल्या डॉक्टरांना विचारावं. मी पाकिटात दोन्ही गोळ्या घातल्या होत्या. सूनबाईने एक काढून घेतली आणि तुझ्या चष्म्याच्या जुन्या डबीत ठेवली. म्हणाली, बाबा, दुसरी त्यांनी इथे, आपल्या सगळ्यांबरोबर घ्यायची, असं लिहा. मी म्हटलं, तूच फोन कर की. तर म्हणे, माझ्या तोंडून निघणार नाही, तुम्ही लिहा. म्हणून हे पत्र. ती दारात उभी आहे, संपलं का विचारते आहे. काय सांगू तिला?

तुझाच,
घाबरट