सापगावची मेणबत्तीदाणी

रविवार, सापगावहून परतल्यावर

स्वतःचाच राग येतोय. हात आवरले असते तर ती जुनी पितळी मेणबत्तीदाणी आज माझ्या कपाटात असती. बशीसारखं बूड, बोट अडकवायला कडी, आणि नळीच्या बाजूला मेणबत्ती वर सरकवायची खुंटी. माझ्याकडे अकरा आहेत, पण एकीचीही खुंटी शाबूत नाही.

आमच्या भातसानगरच्या ऑफिसातल्या प्रकाशची आई, कमलआजी, ती देऊनच टाकणार होत्या. रोज बुद्धवंदनेला त्यात मेणबत्ती लावायच्या, पण अडकलेलं मेण सुरीने कोरून हात दुखायचे. दाणी त्यांनी माझ्या हातात ठेवलीसुद्धा. घ्यायची आणि निघायचं, एवढंच उरलं होतं. पण ती खुंटी! आजींच्या सासूच्या काळापासून कुणी हलवलीच नव्हती. मला राहवलं नाही. दाणी कढत पाण्यात धरली, खुंटी ढकलली, तसा आत अडकलेला मेणाचा तुकडा अलगद वर आला.

आजी बघतच राहिल्या. मग दाणी माझ्या हातातून काढून घेत म्हणाल्या, "मंग आता नाय देत गो. रागावू नको."

"नाही हो," म्हणाले. खोटंच. प्रकाश माझ्याकडे बघत नव्हता.

खुंटीचं घरी आणल्यावर कळवलं असतं तर? छे. घरी आणल्यावर मी कळवलंच नसतं.