एल्कसाठी कुठली बंदूक?

५ ऑक्टोबर
माझा खांदा! निळा-जांभळा झालाय. चमचा उचलवत नाही.

यंदाच्या सोडतीत एल्कच्या शिकारीचा परवाना माझ्या नावाने निघाला, डेल्मरच्या नाही. तेव्हापासून नवरोबा मला शिकवायच्या मागे लागलेत. ज्याचा परवाना त्यानेच मारायचं, असा कायदा. म्हणजे हिवाळ्याचं मांस यंदा माझ्या हातात. डेल्मर म्हणतो, "एल्क म्हणजे हरीण खरं, पण घोड्याएवढं धूड. त्याला थ्री हंड्रेड मॅग्नमच हवी." म्हणजे त्याची! आज तिच्या पाच गोळ्या झाडल्या. लक्ष्याचा कागद जसाच्या तसा. मागच्या टेकडीला मात्र चांगल्याच लागल्या.

७ ऑक्टोबर
गार्थ, माझा धाकटा भाऊ, जेवायला आला. "ताई, माझी टू-सेव्हंटी घे. धक्का कमी, नेम पक्का."

"तिने ससे मारतात!" डेल्मर.

"दाजी, फुफ्फुसात गोळी लागली की एल्क कॅलिबर विचारत बसत नाही."

झालं! हिरव्या मिरचीचा रस्सा गार होईपर्यंत दोघे कॅलिबरवरून, म्हणजे गोळीच्या जाडीवरून, भांडत होते. खांदा माझा, पण मला कोण विचारतो!

१२ ऑक्टोबर
मुरमाच्या जुन्या खाणीत तिघे सरावाला. गार्थने मॅग्नम भरून हातात दिली. नेम धरला, चाप ओढला — टक! आत काडतूसच नव्हतं. आणि मी? डोळे गच्च, मान मागे, नळी वीतभर खाली. धक्का नसताना धक्का खाल्ला! गार्थ पोट धरून हसला. "ताई, तू एल्कला नाही, बंदुकीला घाबरतेस."

लाज वाटली. तेवढ्यात डेल्मर म्हणाला, "बायकांचं असंच असतं."

अस्सं! "मग तू दाखव ना," म्हटलं. बंदूक मीच भरली. म्हणजे भरली नाही.

टक! डेल्मर असा दचकला की टोपी खाली पडली.

कोणी हसलं नाही. गार्थ आपले बूट बघत राहिला. मला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं हा माणूस दर हंगामात भीत भीत चाप ओढत होता, आणि कुणाजवळ बोलला नाही. माझ्याजवळसुद्धा नाही.

१३ ऑक्टोबर
टू-सेव्हंटी. तीन गोळ्या, तिन्ही बशीएवढ्या जागेत!

डेल्मर: "कागद काय, उभाच असतो."

२९ नोव्हेंबर
हंगामाचा पहिला दिवस. बोटं बधिर. सकाळीच पाइनच्या झाडीपलीकडे मोठा नर दिसला. काय शिंगं! नेम धरला, डोळे उघडे होते, हात स्थिर होता. पण तो कूस दाखवून आडवा उभा राहिलाच नाही आणि अंतर फार. नाही झाडली.

डेल्मर कासावीस. "एवढ्या मोठ्याला ही टिचकी पुरायची नाही! घरून मॅग्नम आणतो."

"नको."

"आणतोच!" आणि पिकअप ट्रक घेऊन गेला. मी आणि गार्थ तंबूत बीन्स खात बसलोय. माझं चुकलं का? नाही. जवळ असता तर पाडलाच असता. गोळी लागून पळालेला एल्क दिवसभर शोधत फिरण्यापेक्षा हात हलवत परत आलेलं बरं.

१ डिसेंबर
डेल्मरने एल्क मारला. ट्रकने!

परवा मॅग्नम घेऊन परत येताना वळणावर आडवा आला. डेल्मरच्या कपाळाला टेंगूळ, ट्रकचं नाक गेलं, मॅग्नम पेटीत सुखरूप. शिकारखात्याच्या वॉर्डनने मांस न्यायची परवानगी दिली. काल दिवसभर तिघांनी कापाकापी केली. फ्रीजरचं झाकण लागत नाही.

माझा परवाना अजून कोरा. उद्या पहाटे गार्थच्या गाडीने निघणार. आता मांसासाठी नाही, माझ्यासाठी.

कॅलिबरबद्दल डेल्मर अवाक्षर काढत नाही. मघाशी दारात उभा राहून म्हणाला, "मी येऊ? नुसती ओझी वाहीन."

ये म्हटलं.