दादाजी अ‍ॅस्टर

२३ जून १९५७, सिंदेवाही.
फॉरेस्टच्या रेंज ऑफिसात तीस वर्षं कारकुनी. अक्षर माझं, सही साहेबाची. डिसेंबरात रिटायर होणार, आणि जगात माझं नाव कोरलेली वस्तू एकच. पितळी गडू, तोही सासुरवाडीचा. हे चालणार नाही. फॉरेस्ट गार्ड पोचूने जंगलातून रानटी अ‍ॅस्टरची चाळीस रोपं आणून दिली. जांभळ्या पाकळ्या, मधे पिवळी टिकली, फुलतं दिवाळीनंतर. नोव्हेंबरात चांद्याला फुलांचं प्रदर्शन आहे. तिथे हे फूल ‘दादाजी अ‍ॅस्टर’ म्हणून जाहीर होईल. ठरलं.

२५ जून.
हेडमास्तर भैयाजी शाळेत जाता जाता कुंपणावरून डोकावले. म्हणाले, दादाजी, हे तं गवत होय, खरं अ‍ॅस्टर पुण्याहून पाकिटात येते. मी म्हटलं, पाकिटात उंदराचं औषधही येतं. गेले.

२ जुलै.
पोचू म्हणाला, बाबू, याले खत नोका देऊ, मुरमातलं झाड होय, पोट भरलं का फुलत नाई. पोचू शिकलेला नाही. चार टोपल्या शेणखत घातलं.

३० जुलै.
रोपं कमरेएवढी. जुन्या इंग्रजी कॅटलॉगात सापडलं: शेंडे खुडावेत, म्हणजे फांद्या फुटतात, फुलं दुप्पट येतात. खुडणं कधी थांबवायचं ते पुढच्या पानावर असावं. पुढचं पान उधईने खाल्लं आहे. हरकत नाही. तत्त्व समजलं की तपशील लागत नाही. बायकोला, मनकर्णेला, समजावलं. म्हणाली, हरभऱ्यावानी ना? म्हटलं, अगदी हरभऱ्यासारखं. विज्ञान घरात असं सोपं करून सांगावं लागतं.

१८ ऑगस्ट.
दर आठ दिवसांनी खुडणं. मनकर्णा, शेजारच्या वहाब टेलरची अमिना आणि समोरची शकुबाई. तिघींचा हात हरभऱ्यात तयार झालेला, बघता बघता वाफा भादरून निघतो. शेंडे भाजीला म्हणून ओटीत भरून नेतात. नेऊ देत, कचराच तो. कडू लागतो, पण चण्याची डाळ घातली की घशाखाली जातो. एका झाडाला बावीस फांद्या मोजल्या.

१५ सप्टेंबर.
पोचू पुन्हा. पोळा होऊन गेला बाबू, आता हात नोका लावू, कळी धराचे दिवस होय. त्याला सांगितलं, जंगल तुझं, वाफा माझा. खुडणं चालू.

१० ऑक्टोबर.
साहेबाला सांगून टाकलं की फुलाचं नामकरण आहे. रजा मंजूर. लेबल लिहिलं. या वेळी सहीही माझी. बराच वेळ बघत बसलो.

७ नोव्हेंबर.
कळी नाही. एकही नाही. भैयाजींच्या अंगणात पाकीटवाले फुलले आहेत म्हणे. मी हल्ली त्या रस्त्याने जात नाही. मनकर्णा म्हणाली, खुडणं बंद करू का जी? म्हटलं, खबरदार! आता थांबणं म्हणजे भैयाजींना जिंकू देणं. उलट जास्त खुडा. झाडाला जोर येईल.

२० नोव्हेंबर.
पोचू म्हणाला, टेकडीवर सारा मुरूम जांभळा झाला, दोन झाडं खोदून आणू का? कोनाले समजते? नाही म्हटलं. माझं नाव लागेल ते माझ्याच झाडाला. तो गेल्यावर वाफ्याजवळ बसून रडू आलं. त्याने झाडाला पाणी मिळालं असेल तर चांगलंच.

२४ नोव्हेंबर, चांदा.
सगळ्यांत दणकट झाड कुंडीत घालून, मांडीवर घेऊन नॅरोगेजच्या छोट्या गाडीने आलो. मांडवातल्या सेक्रेटरीने विचारलं, फूल कुठी हाय? म्हटलं, येणार आहे. त्याने कुंडी उचलून पालेभाज्यांच्या टेबलावर ठेवली, मेथी आणि चवळाईच्या मधे. मी जाहीर निषेध केला. निषेध चालू असताना परीक्षकाने एक पान चावून पाहिलं. उत्तेजनार्थ बक्षीस. मी ते साफ नाकारलं. नंतर गाडीची वेळ झाली म्हणून घेतलं.

२५ नोव्हेंबर, सिंदेवाही.
घरी पोचलो तर दारात सात-आठ बायका. चार तर मी कधी पाहिलेल्याही नाहीत. मनकर्णा वाफ्यात उभी राहून खुडून वाटत होती. कडेची एक म्हातारी पदर पसरून म्हणाली, माय, मलेबी मूठभर दादाजी दे ना. माह्या सुनेले दादाजीबिगर घास नाई उतरत.

विचारलं, हे नाव कुणी ठेवलं? मनकर्णा म्हणाली, कोनं ठेवन? तुमीच तं गावभर सांगून राह्यले होते.

भैयाजींच्या घरीही आठवड्यातून दोनदा दादाजी असते म्हणे.

संध्याकाळी जेवायला बसलो. ताटात भात आणि मी. मीठ कमी होतं.