दमलेल्या सेलांवरची सभा

प्रिय हेमराज,

गाव पाण्याखाली गेलेल्या माझ्या बंधूंनो आणि भगिनींनो! आपल्याला घराच्या बदल्यात घर मिळालं, चावडीच्या बदल्यात चावडी मिळाली, देवळाच्या बदल्यात सिमेंटचं देऊळ मिळालं. पण त्या गावात आपली माणसं कशी बोलायची, ते आवाज मात्र कोणी जपून ठेवले नाहीत.

बघ, लिहायला बसले तुला एकट्याला आणि उभी राहिले सभेत. सदुसष्टाव्या वर्षी ही खोड जायची नाही. पण गाऱ्हाणं खरं आहे आणि ते आपल्या दोघा भावंडांचं आहे, म्हणून खोडत नाही.

मी मजेत आहे. शाळेतून निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी सकाळी साडेनऊला पाय आपोआप चपलेत जातात, मग वाचनालयात जाऊन बसते. धान घरात आलं. धानाच्या बांधीत आता लाखोरीचं पीक निळं फुललं आहे. सूनबाई डिंपल माझ्यावर रोज थोडी रागावते आणि रोज गरम जेवायला घालते, याहून जास्त काय हवं? तिनंच दिवाळीच्या आधी माळा झाडताना तुझा टेपरेकॉर्डर खाली काढला. तोच, भिलाईच्या पहिल्या नोकरीत घेतलेला, एका बाजूला हँडल तुटलेला. आत कॅसेट होती, जुन्या गावातल्या शेवटच्या ग्रामसभेची. पुनर्वसनाच्या वर्धापनदिनाला माझं ते गाजलेलं भाषण लावावं असं डिंपलच्या मनात आलं. तिनं वायर जोडली, बटण दाबलं, दोन मिनिटं ऐकलं आणि पदर तोंडात धरून हसत सुटली. "आई, हे तुमी बोलून राहिल्या का चिमणी?"

मला राग आला. ते भाषण तालुक्यात गावोगाव वाजलं होतं. पवनीच्या बाजारात त्याच्या कॉप्या निघाल्या होत्या. यंत्रातून आवाज जरा बारीकच येतो असं तेव्हा सगळ्यांना वाटायचं. त्या कॅसेटनंच मला तोफ केलं. धरणाच्या पाण्याबद्दल असो, दारूबंदी असो, शाळेचं छप्पर असो, लोक मला बोलवायला यायचे ते सांगत यायचे, "बाई, कॅसेटीतल्यासारखं बोलजा." मी तसंच बोलले. पंचवीस वर्षं तसंच बोलले.

म्हणून मशीनच बिघडलं असं ठरवून मी ते पिशवीत घातलं आणि साकोलीला जागेश्वरकडे गेले. जागेश्वर बसस्टँडमागे बसतो. पूर्वी रेडिओ-टेप दुरुस्त करायचा, आता मोबाईलच्या काचा बदलतो. टेपरेकॉर्डर पाहून त्याचा चेहरा असा खुलला की जणू माहेरचं कोणी भेटलं. झाकण उघडून त्यानं मला शेजारी स्टुलावर बसवलं आणि सगळं दाखवलं. पुढे एक बारीक फिरती दांडी आणि तिला चिकटून रबरी चाक असतं. ती दोघं मिळून टेप ओढतात. मी म्हणाले, मग मागची चकती कशाला, तिनं नुसतं टेप सोडत जावं. तो म्हणाला, "नाही जी बाई, मागच्यानं थोडं धरून ठेवाव लागते. सोडून देल्लं तं टेप ढिली पडते, आवाज डुलते. लय धरलं तं ताणून तुटते." मागच्या चकतीखालचा नमदा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा तुकडा, वाळून गेला होता. टेप कधी सैल यायची, कधी झटका खायची. त्यानं नमद्याची नवी गोल चकती कापून बसवली, रबरी चाक स्पिरिटनं पुसलं, पट्टा बदलला. मी आयुष्यभर ओढणाऱ्यांच्या बाजूनं बोलले, हेमराज. मागून धरून ठेवणारं सगळं मला अडसर वाटायचं. त्या दिवशी एका नमद्यानं मला निरुत्तर केलं. गावी परतल्यावर वाचनालयातलं विज्ञानाचं जाड पुस्तक काढून पाहिलं. जागेश्वर बरोबर होता.

पुढच्या खेपेला त्यानं आपल्याजवळच्या दोन कॅसेटी वाजवून दाखवल्या. स्वच्छ वाजल्या. मग माझी लावली. पुन्हा चिमणी! सुरुवातीला जरा कमी, पुढे पुढे जास्तच. तो बराच वेळ कान देऊन राहिला आणि म्हणाला, "मशीन चांगली आहे. हे भरतानाच हळू फिरली, म्हून आता बरोबर फिरली का आवाज पळते. सेल दमले होते का जी तवा?"

मी म्हणाले, नाही. नवे होते.

हेमराज, मी खोटं बोलले. हजार माणसांपुढे न डगमगणारी मी, स्टुलावर बसून एका कारागिराशी खोटं बोलले. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि पेचकस उचलला. मोटारीच्या मागे एक भोक असतं, त्यात वेग कमी-जास्त करणारा बारीक स्क्रू असतो. पेचकस घालून तो स्क्रू हळूहळू फिरवू लागला. टेप जसजशी पुढे जाई तसतसा त्याचा हात फिरत राही, कारण सेल शेवटपर्यंत दमतच गेले होते. आणि चिमणीच्या गळ्यातून मी बाहेर आले. अडतीस वर्षांची मी. काय सांगू, मी हळू बोलत होते! मध्ये थांबत होते. "आपली विहीर" म्हणताना आवंढा गिळला तो ऐकू आला. लोकांनी ज्याला माझा चढत जाणारा आवेश म्हटलं, तो मरत चाललेल्या सेलांचा होता. आणि मी पंचवीस वर्षं त्या सेलांची नक्कल केली.

मला हसू आलं, खरं सांगते. स्टुलावर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. जागेश्वर घाबरून चहा सांगायला धावला. आता मी हळू बोलते. गेल्या महिन्यात आंबागडला शाळेत बोलावलं होतं, तिथं हळू बोलले. मुलं शेवटपर्यंत जागी होती. एका म्हाताऱ्यानं फक्त विचारलं, "बाईची तब्येत बरी नाही का?"

आता ते, ज्यासाठी एवढी लांबून आले.

टेपरेकॉर्डर तू मला दिला नव्हतास. मायसाठी ठेवून गेला होतास. "मायचा आवाज धाडत जा," एवढंच म्हणाला होतास. सोबत चार मोठे सेल, कोरे करकरीत. ते सेल मी संपवले. सभेच्या आधी तीन दिवस मी माझं भाषण भरत होते, ऐकत होते, पुसत होते, पुन्हा भरत होते. माय दारातून म्हणायची, "मी बोलू का वं त्यात हेमराजसाठी?" मी म्हणायचे, थांब माय, सभा होऊ दे. सभेच्या सकाळी सेल दमलेले पाहून मी ते छपराच्या कवेलूंवर उन्हात ठेवले आणि तापवून परत घातले. नवे आणायला पवनीला जावं लागलं असतं. भाषण सोडून कोण जाणार?

तुझ्यापर्यंत मायचं बोलणं पोचलं ते त्याच कॅसेटमधलं. मी मोठ्या डौलात कॉपी धाडली, तू माझं भाषण ऐकावंस म्हणून. शेवटी काय आहे याचा विचारही केला नाही. तुझं कार्ड आलं: "बाई, भाषण ऐकलं. मायचंही ऐकलं." मी ते शाबासकी समजून जपून ठेवलं. त्यानंतर तू आलास तो मायच्या तेरवीला, आणि बाबांची भजनात वाजवायची पेटी उचलून त्याच दिवशी निघालास. मी अडवलं तेव्हा म्हणालास, "मायनं साऱ्या गावापुढं मले हाकललं, मंग मी कायले राहू?" मी काय केलं? गाव सोडून जाणाऱ्यांवर तुला अंगणात भाषण दिलं. कॅसेटीच्या वेगानं. पुढेही किती सभांमध्ये दिलं, तुझं नाव न घेता. सगळ्यांना कळत होतं कोणाबद्दल ते.

हाकललं कुठं, हे मला या वर्षी कळलं. सभा संपताना कोणीतरी मायला विचारतं, हेमराज वसाहतीत जागा घेणार का. मायचं वाक्य तुला पाठ असेल: "हेमराजले कायले पुसता? तो आता इकडं नाही येत. त्याले तिकडंच राहू द्या." त्या कॅसेटीत ते सपकन मारल्यासारखं वाजतं, आणि त्यावर सगळी सभा खिदळते. तू तेच ऐकलंस. भिलाईच्या खोलीत एकटा बसून किती वेळा ऐकलंस, मला माहीत नाही.

जागेश्वरचा स्क्रू तिथवर आला तेव्हा शब्द तेच होते. एक अक्षर बदललं नाही. पण "तो आता" म्हणून माय थांबते. मोठा श्वास घेते. "इकडं नाही येत" हे ती कोणाला सांगत नाही, स्वतःला समजावते. आणि "राहू द्या" म्हणताना तिचा आवाज तसा होतो जसा तुला ताप आल्यावर आम्हा पोरांना गप्प करताना व्हायचा: निजू द्या त्याले. आणि ते खिदळणं सभेचं नाही. सभा गप्प आहे. ती एकटी माय हसते आहे, पदरानं डोळे पुसताना हसायची तशी.

माय तुला हाकलत नव्हती. सगळ्या गावासमोर तुला मोकळं करत होती, कोणी तुला नावं ठेवू नये म्हणून. ती कठोर झाली ती माझ्या दमलेल्या सेलांमुळे. आणि नावं ठेवली ती मी. हे मी आजवर कोणापाशी कबूल केलं नाही, जागेश्वरपाशीही नाही. तुला आधी सांगते. मला माफ कर.

तरी जागेश्वर समाधानी नाही. म्हणतो, "बाई, हे अंदाजानं आणलं. तुमच्या आवाजावरून आणलं, आन तुमचा आवाज आता म्हातारा झाला. नेमकं पायजे तं शेवटी भजनात पेटी वाजते, ते कुठी आहे?" मायच्या वाक्यानंतर लगेच बाबांनी पेटीवर सूर धरला आहे. तीच पेटी समोर वाजवायची आणि टेपमधली पेटी तिच्याशी जुळेपर्यंत स्क्रू फिरवायचा, की त्या क्षणाची माय होती तशी मिळेल. फोनवरून सूर धाडला तरी चालेल असंही तो म्हणाला. मी त्याला गप्प बसवलं. एकदा मी तुला मायचा आवाज टपालानं धाडला आणि अठ्ठावीस वर्षं गेली. टेप जुनी आहे, प्रत्येक वेळी थोडी झिजते. मी ते वाक्य दोनदाच ऐकलं आणि थांबवलं. तिसरी वेळ तुझी आहे. सेल नवे आणून ठेवले आहेत, जागेश्वरला वायरीचा भरवसा असला तरी.

रविवारी त्याचं दुकान बंद असतं, तो मशीन घेऊन घरीच येतो म्हणाला आहे. डिंपलनं तुझ्यासाठी लाखोरीची डाळ काढून ठेवली आहे. सकाळच्या गाडीनं भंडारा रोडला उतर, मी फाटकापाशी उभी असेन. भाषण करणार नाही. अंदाजाची माय मला पुरत नाही, हेमराज. येत्या रविवारी बाबांची पेटी घेऊन ये.

तुझीच,
हळू बोलायला शिकलेली
कौशल्याबाई