जुन्या धुलाई यंत्राला निरोप

ती. दादास शिरसाष्टांग नमस्कार.

तुझी कंबर कशी आहे? ओले गठ्ठे स्वतः उचलू नकोस, असे मी बजावले होते. परंतु दुसऱ्याचे ऐकणे हा तुझा गुण नव्हे, हे तुझे गायन सोसलेला प्रत्येक जण जाणतो. वहिनींना नमस्कार. (त्या आपल्या एकाही कार्यक्रमाला आल्या नाहीत. त्यांच्या अभिरुचीविषयी माझा आदर त्यामुळेच टिकून आहे.)

तुमच्या लाँड्रीतले जुने यंत्र सोमवारी भंगारात जाणार, हे वाचून समाधान वाटले. आपल्या ‘ओलसर भिंत’ या पोस्ट-पंक, म्हणजे उदास, खरखरीत रॉक वाजवणाऱ्या बँडचे वाटोळे त्यानेच केले. ड्रमवाला सोडून गेल्यावर “हे आहे की, ठोके देतंय!” म्हणत लाँड्रीतच त्याच्या तालावर गाण्याची कल्पना तुझी. मी महिनोन्‌महिने घासूनपुसून गाणी रचावीत, आणि कपडे पिळायची वेळ झाली की यंत्राने पिसाळल्यासारखे धावत सुटावे. गिटार सावरत मी त्याच्या मागे, शब्द गाळत तू माझ्या पुढे! मामा, म्हणजे तुझे वडील, ऐन कडव्यात शिरून ओरडत, “रडगाणं चालू द्या रे, पण आधी चादरी काढा!” श्रोते मात्र जागचे हलत नसत. हलणार कसे? त्यांचे कपडे आत होते.

वाफेने त्या खोलीच्या काचा धूसर होत. बाहेरचे जग दिसत नसे. म्हणूनच बहुधा, ते आपली वाट पाहत उभे आहे असे वाटे.

आपली एकुलती एक ध्वनिमुद्रिका तेव्हा कोणी घेतली नाही. आता एका विद्वान समीक्षकाला तीत ‘यंत्रयुगातील घुसमटीचा निर्भीड हुंकार’ सापडला आहे. तो हुंकार यंत्रात फिरणाऱ्या हॉटेलच्या टॉवेलांचा होता, असे मी त्याला सविस्तर कळवले. त्याने आभार मानून टॉवेलांवर दुसरा लेख लिहिला! परिणामी तरुण मंडळी ती ध्वनिमुद्रिका धुंडाळत फिरतात, आणि एक कंपनी म्हणते, गाणी नव्याने ध्वनिमुद्रित करा. ती निर्दोष करण्याची ही संधी मी सोडणार नाही. तेव्हा यंत्राला माझ्यातर्फे निरोप दे.

तुझा धाकटा आतेभाऊ

ता. क. एक पदवीधर ड्रमवादक घेऊन गाणी वाजवून पाहिली. त्याचा एकही ठोका चुकला नाही. दुसऱ्या कडव्यात मला जांभई आली.

आणखी एक. यंत्र भंगारवाल्याला देऊ नकोस. रविवारी गिटार आणि ध्वनिमुद्रणाची माणसे घेऊन येतो. टॉवेल भरपूर भिजवून ठेव. गायचे तुलाच आहे. आणि मधल्या काळात कोणाकडे सुरात गायला शिकला असशील, तर कृपा करून रविवारपर्यंत विसर.